मार्थ विरुद्ध फॉक्स: मॅचअप शिकायचा तर कडेपासून उलटा

‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेली’ या मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये तलवारवाला मार्थ घेऊन खेळणाऱ्याला वेगवान फॉक्स फार दिवस टाळता येत नाही. गेमक्यूबवर २००१ साली आलेल्या या खेळात पात्रं २६ आहेत, पण स्पर्धेला बसलात की समोर वरचेवर फॉक्सच येतो. दोन-चारदा सपाटून मार खाल्ला की बहुतेक जण एकच गोष्ट करतात. फायनल डेस्टिनेशन या सपाट स्टेजवर मार्थ फॉक्सला शून्य टक्क्यांपासून (टक्के म्हणजे साठलेला मार; जितके जास्त तितकं पात्र लांब उडतं) पकडतो, वर फेकतो, पुन्हा पकडतो आणि संपवून टाकतो, असा एखादा व्हिडिओ शोधतात आणि चेनग्रॅब, म्हणजे ही पकड-फेकीची साखळी, घोटायला बसतात.

मला हा क्रम पटत नाही. चेनग्रॅब देखणा आहे, कामाचाही आहे, पण त्याने फॉक्स मरत नाही. त्याचे टक्के वाढतात, एवढंच. मारावं लागतं ते कडेवर, म्हणजे स्टेजबाहेर घालवून परत न येऊ देता. फॉक्स इतक्या वेगाने खाली पडतो की त्याला वरच्या सीमेपार घालवणं जिकिरीचं, आणि शंभर टक्क्यांच्या आसपास निकाल लावेल असा एकही थ्रो मार्थकडे नाही. शंभरी ओलांडली की उलट पंचाईत होते: फेकलेला फॉक्स लांब उडतो, पुढचा वार पोचत नाही, आणि आपण टिपर, म्हणजे तलवारीचं टोक, लागेल या आशेवर फॉरवर्ड स्मॅश हा जोरकस वार मारत बसतो. तीन थ्रो कमी शिकलेला पण कडेवर फॉक्सला परत न येऊ देणारा मार्थ, सगळा चेनग्रॅब पाठ असलेल्या मार्थपेक्षा जास्त गेम जिंकतो.

दुसरं कारण व्यवहाराचं आहे. कडेबाहेर गेलेल्या फॉक्सपुढे मोजके मार्ग असतात, त्यामुळे तो सराव एकट्याने करता येतो. मधल्या मैदानातली झुंज, म्हणजे न्यूट्रल, माणूस समोर असल्याशिवाय शिकता येत नाही. म्हणून इथे आधी कड, मग तिथवर न्यायची रीत, आणि मग पहिला हात कसा मारायचा, असा उलटा क्रम घेतला आहे.

वेव्हडॅश (जमिनीवरून घसरत सरकणं), डॅश डान्स (झटपट पुढे-मागे धावणं) आणि एल-कॅन्सल येतं असं धरून चाललो आहे. एल-कॅन्सल म्हणजे हवेतला वार करत जमिनीला टेकण्याआधीच्या ७ फ्रेममध्ये शील्डचं बटण दाबलं की लँडिंगचा वेळ निम्मा होतो. हे अजून हातात बसलं नसेल तर हा लेख बाजूला ठेवून आधी ते करा. हिशेब सगळा फ्रेमचा, सेकंदाला ६०.

दोघांना काय हवंय

मार्थची ताकद तलवारीच्या टोकात आहे. टोक लागलं तर टिपर, म्हणजे पूर्ण जोर. तोच वार मधल्या पात्याने लागला तर बराच मवाळ. शिवाय त्याची पकड लांबून बसते. ग्रॅब दोघांचाही सातव्या फ्रेमला लागतो, पण मार्थचा हात फॉक्सच्या हातापेक्षा पुढे पोचतो.

फॉक्सकडे शाइन हा अंगालगतचा वार आहे. डाऊन-बी, म्हणजे स्टिक खाली धरून बी बटण, दाबल्यावर ती पहिल्याच फ्रेमला लागते आणि उडी मारून लगेच थांबवता येते. मार्थचा जॅब (साधा झटपट वार) चौथ्या फ्रेमचा, डाऊन टिल्ट (खाली बसून केलेला वार) सातव्या, फॉरवर्ड स्मॅश दहाव्या. म्हणजे फॉक्स अंगाशी येऊन चिकटला की बटणांची शर्यत लावण्यात अर्थ नाही, ती आपण हरणारच. तलवारीच्या टोकाएवढं अंतर राहिलं तर खेळ आपला. पोटाशी आला तर त्याचा. पुढचं सगळं या एका वाक्यातून निघतं.

वजनाचाही एक मुद्दा आहे. फॉक्सचं वजन ७५, मार्थचं ८७. फॉक्स हलका असूनही झपकन खाली येतो, म्हणून त्याला पुन्हा पुन्हा झेलता येतं. मार्थ तरंगत खाली येतो, म्हणून फॉक्सचा अप-थ्रो (वर फेकणं) आणि त्यामागून अप-एअर (हवेत वरच्या दिशेने केलेला वार) त्याच्यावर सुखाने बसतो. दोघंही एकमेकांना एका पकडीत खोल खड्ड्यात घालू शकतात. या मॅचअपमध्ये कोण वरचढ यावर वर्षानुवर्षं वाद चालू आहे. मी त्यात पडत नाही. झेन या खेळाडूने मार्थ घेऊन २०२० साली अमेरिकेतल्या ओकलंडची ‘जेनेसिस ७’ ही स्पर्धा जिंकली, आणि २०२३ च्या जागतिक क्रमवारीत फॉक्सवाला कोडी श्वाब पहिला होता. दोन्ही बाजूंनी शिखर गाठता येतं, आपल्याला एवढं पुरे.

पहिली पायरी: बाहेर गेलेला फॉक्स

फॉक्स स्टेजबाहेर गेला की दोन गोष्टी पाहायच्या, त्याही याच क्रमाने. एक, त्याची दुसरी उडी शिल्लक आहे का? दोन, तो स्टेजच्या पातळीच्या वर आहे, बरोबरीला आहे की खाली?

उडीचा प्रश्न आधी, कारण मेलीत मार बसला म्हणून दुसरी उडी परत मिळत नाही. जमिनीला टेकल्यावर किंवा लेज, म्हणजे स्टेजची कड, पकडल्यावरच मिळते. त्यामुळे बाहेर फॉक्सला मारलेली एक हलकीशी फॉरवर्ड एअरसुद्धा, त्याने उडी वापरून झाल्यावर लागली, तर अर्धा स्टॉक, म्हणजे अर्धा जीव, घेऊन जाते. ती बघायची सवय लागेपर्यंत खेळताना तोंडाने म्हणा: ‘उडी गेली’, ‘उडी आहे’. शेजारचे हसतील, हसू द्या.

तो खाली असेल तर सगळ्यांत सोपं. तिथून त्याच्याकडे फक्त अप-बी, म्हणजे फायरफॉक्स. ते पेटायला सुमारे ४२ फ्रेम लागतात, पाऊण सेकंदाच्या जवळपास. एवढा वेळ तुम्हाला आरामात ठरवता येतं. लेज एका वेळी एकालाच पकडता येतो, त्यामुळे तो निघण्याच्या बेतात असताना तुम्ही लेजवर असलात की त्याला लेज मिळत नाही. घाई मात्र करू नका: लेज पकडल्यावर मिळणारं अभेद्यपण थोडा वेळच टिकतं, आणि लवकर जाऊन लटकलात तर ते संपल्यावर फायरफॉक्सच तुम्हाला लागतं. कडेकडे पाठ करून उभं राहायचं, आग पेटलेली दिसली की मागे वेव्हडॅश करून लेजवर घसरायचं. लेज नाही म्हटल्यावर त्याने वरचा कोन घेतला तर लेज सोडा, दुसरी उडी मारा आणि वर येता येताच वार करा. तो स्टेजवर टेकून सावरेपर्यंत थांबायचं नाही.

आणखी एक मार्ग आहे, आग पेटत असतानाच बाहेर जाऊन मारण्याचा. पेटत्या फॉक्सच्या अंगालगत ज्वाळा लागतात, पण तलवार त्यापेक्षा लांब पोचते. टोकानेच मारायचं, जवळ गेलात तर भाजाल.

तो बरोबरीला असेल तर खरी डोकेदुखी. साइड-बी, म्हणजे इल्युजन, फायरफॉक्सपेक्षा कितीतरी लवकर सुटतं आणि आडवं सरळ येतं. शिवाय निघाल्यावर पुन्हा बी दाबून तो ते मध्येच तोडू शकतो, त्यामुळे कुठे थांबेल याचा नेम नाही. दिसल्यावर वार करू म्हटलं तर वेळ जेमतेम पुरतो. म्हणून कडेकडे तोंड करून, लेजपासून तलवारीच्या लांबीएवढं आत उभं राहायचं आणि डाऊन टिल्ट किंवा जॅब आधीच मनाशी ठरवून ठेवायचा. पूर्ण इल्युजन तलवारीवर येऊन आदळतं. आखूड इल्युजनने तो लेजवर गेला तर फारसं बिघडत नाही, कारण लेजवरचा फॉक्स अजून कोपऱ्यातच असतो.

मात्र त्याची दुसरी उडी शिल्लक असेल तर मी स्टेजवर वाट पाहत बसणार नाही. बाहेर जाऊन फॉरवर्ड एअर मारायची. मरणार नाही, पण उडी खर्च होईल, आणि तो खालच्या, सोप्या गटात जाईल. मार्थची स्वतःची अप-बी पाचव्या फ्रेमला सुटते आणि सरळ वर नेते, त्यामुळे फार खोल न जाता मारलेला एक वार तसा स्वस्त पडतो.

तो वर असेल, तर हात आवरायचे. नवा मार्थ इथे हटकून उडी मारतो, फॉक्स इल्युजनने त्याच्या खालून निघून जातो आणि मैदान पुन्हा बरोबरीचं होतं. वर असलेल्या फॉक्सला कधीतरी खाली यावंच लागतं. फायरफॉक्स किंवा इल्युजन वापरल्यावर तो जमिनीला टेकेपर्यंत असहाय पडत असतो. तुम्ही खाली चालत राहा, तो कुठे टेकतोय पाहा, आणि तिथे पकडा. पकडता येत असेल तर फॉरवर्ड स्मॅशचा मोह नको; टिपर चुकला की तो सुटला, पकड मिळाली की तुम्ही पुन्हा त्याला हव्या त्या कडेला नेऊ शकता.

जुन्या खेळाडूंना ‘केन कॉम्बो’ आठवत असेल: फॉरवर्ड एअर आणि लगेच डाऊन एअर, फॉक्स थेट खड्ड्यात. केन होआंग या खेळाडूने तो गाजवला, त्यावरून नाव. दिसायला झकास, पण मार्थची डाऊन एअर मिटिऑर प्रकारची आहे. फॉक्सकडे उडी किंवा अप-बी उरली असेल आणि त्याचं टायमिंग पक्कं असेल, तर तो ते पडणं मध्येच रद्द करतो. उडी गेलेल्या आणि खोल गेलेल्या फॉक्सवर मारा. एरवी साधी फॉरवर्ड एअर जास्त भरवशाची.

सरावासाठी ‘अंकलपंच ट्रेनिंग मोड’ नावाचा मॉड, म्हणजे खेळाची बदललेली आवृत्ती, आहे. त्यात संगणकाच्या फॉक्सच्या हालचाली आधी रेकॉर्ड करून ठेवता येतात आणि त्या आलटून-पालटून, तुम्हाला न सांगता चालवता येतात. एकात पूर्ण इल्युजन, एकात आखूड, एकात लेजवर नेमलेलं फायरफॉक्स, एकात वरच्या कोनाचं. पहिला आठवडा फक्त हे. कंटाळवाणं आहे, कबूल.

दुसरी पायरी: पकडीपासून कडेपर्यंत

आता चेनग्रॅब. त्याकडे स्टॉक संपवण्याची युक्ती म्हणून न बघता कडेपर्यंतची वाहतूक म्हणून बघा.

फॉक्सला पकडलं की कमी टक्क्यांवर अप-थ्रो. फेकला जात असताना तो स्टिक धरून कोन बदलतो, म्हणजे डीआय करतो. मूळ दिशेपासून जास्तीत जास्त १८ अंश. तेवढ्यात तो तुमच्या पुढे पडेल, मागे पडेल की डोक्यावर, हे ठरतं. पुढे पडला तर डॅश करून पकड. मागे पडला तर वळून पकड. डोक्यावर असेल तर जागेवरच. यात पाठांतर काही नाही, फक्त पाहणं आहे. चूक होते ती थ्रो संपण्याआधीच अंदाजाने धावण्याची. थ्रो पूर्ण होऊ द्या, फॉक्सचं अंग कुठे झुकलंय ते पाहा, मग हला. अगदी सुरुवातीच्या टक्क्यांवर तो फार उंच जात नाही, त्यामुळे वेळ कमी. तिशीच्या पुढे थोडी सवड मिळते. नेमका कुठल्या टक्क्याला कुठला डीआय कसा दिसतो, हे ट्रेनिंग मोडमध्ये संगणकाचा डीआय बदलत स्वतः पाहा. माझे किंवा कुणाचेही आकडे वाचून ते डोळ्यांत बसत नाही.

प्लॅटफॉर्म असलेल्या स्टेजवर गणित बदलतं. फेकलेला फॉक्स प्लॅटफॉर्मवर पडतो आणि तिथे तो टेक करतो, म्हणजे पडताच सावरून उठतो: जागेवर, डावीकडे, उजवीकडे, किंवा करतच नाही आणि आडवा पडतो. अनेक मार्थवाले तिथे वैतागून सोडून देतात. तसं करू नका. खाली उभं राहून अप-टिल्ट प्लॅटफॉर्मच्या आरपार लागतो, आणि तो कुठल्या बाजूला लोळला हे दिसल्यावर अप-एअरलाही वेळ असतो. प्लॅटफॉर्म चढून त्याच्या बरोबरीला जायचं मात्र टाळा, कारण मग पोटाशी असलेलं अंतर तुम्हीच त्याला आणून दिलं.

मग प्रश्न येतो की फेकणं थांबवायचं कधी. माझा ठोकताळा असा: टक्के चाळीसच्या पुढे आणि कड तलवारीच्या एक-दोन झेपांवर, की थांबायचं. तिथून त्याला आडवं पाठवायचं. फॉरवर्ड एअरने ढकला, डाऊन टिल्टने खालच्या कोनात पाठवा, किंवा तो समोरून पडताना टोकावर फॉरवर्ड स्मॅश. मैदानाच्या मध्यभागी असाल आणि साखळी चालू असेल तर कडेकडे सरकत सरकत पकडा. आणखी दोन थ्रो मिळत असताना कडेबाहेर पाठवण्याची संधी सोडणं, हा हावरटपणा नेहमी महाग पडतो, कारण प्रत्येक पकडीत निसटायची शक्यता असतेच.

ऐंशी-नव्वदच्या पुढे तर पकड मिळाली की कडेच्या दिशेने फॉरवर्ड किंवा बॅक थ्रो करून त्याला बाहेर घाला आणि पहिल्या पायरीवर जा. वर फेकून काही पदरात पडत नाही.

इथेच क्राउच कॅन्सलचं सांगून ठेवतो. कमी टक्क्यांवर फॉक्स खाली बसून मार खातो, म्हणजे धक्का सुमारे दोन-तृतीयांशावर येतो, आणि लगेच शाइन लावतो. तुमचा वार लागूनही तुम्हीच मार खाताय असं दिसलं तर कारण बहुधा हे असतं. बसलेल्या फॉक्सवर उपाय पकड.

तिसरी पायरी: मधलं मैदान

दोघं समोरासमोर, कुणालाच काही लागलेलं नाही. डॅश डान्स म्हणजे कबड्डीतल्या चढाईसारखं आहे: रेषेपर्यंत जायचं, हात लांब करून दाखवायचा, समोरचा झेपावला की मागे सरकून त्याचाच पाय धरायचा. मार्थचा सुरुवातीचा डॅश लांब पल्ल्याचा आहे, त्यामुळे हा खेळ त्याला शोभतो.

फॉक्स जवळ येण्याचे मार्ग थोडेच. उडी मारून न्यूट्रल एअर, बहुतेकदा त्यामागून शाइन. धावत येऊन थेट शाइन किंवा अप-स्मॅश. उडीतून ड्रिल, म्हणजे डाऊन एअर. आणि पकड. यातला न्यूट्रल एअर तुमच्या वाट्याला सगळ्यांत जास्त येईल, म्हणून अंतर त्यावरून ठरवा. त्याच्या उडीच्या टप्प्याच्या किंचित बाहेर डॅश डान्स करत राहा. तो उडाला की मागे जा, तो टेकला की पुढे येऊन पकडा. टेकताच तो शाइन लावू शकतो, म्हणून फार जवळून नको. मार्थचा हात लांब आहे त्याचा फायदा इथेच.

तो उडी न मारता धावतच येत असेल तर डाऊन टिल्ट. जमिनीलगतचा हा वार त्याच्या पायांपुढे भिंत उभी करतो. दोन-तीनदा लागला की फॉक्सवाला पुन्हा उड्यांवर जातो, आणि तुम्ही पुन्हा मागे सरकून पकडण्यावर. मागे सरकत मारलेली फॉरवर्ड एअर हा तिसरा पर्याय. ती चौथ्या फ्रेमला लागते, शिवाय उडीचे ४ फ्रेम आधी जातात.

या तिन्हींत उतावळेपणा हा एकच शत्रू. मार्थच्या हाती तलवार असली की ती चालवावीशी वाटते. हवेत फिरलेला फॉरवर्ड स्मॅश म्हणजे फॉक्सला आत यायचं आमंत्रण. चांगल्या मार्थचा सामना आवाज बंद करून बघा. तो किती वेळ नुसता पुढे-मागे करतो आणि किती कमी वेळा वार करतो ते मोजण्यासारखं असतं.

जागेचाही विचार हवा. मध्यभाग तुमच्याकडे असेल तर मागे सरकायला वाव असतो. पाठ कडेला लागली की डॅश डान्स संपला, आणि फॉक्स शील्डवर न्यूट्रल एअर-शाइनचा मारा सुरू करतो. तिथे शील्डमधून पकडण्याचा मोह होतो. फॉक्सवाला जाणकार असेल तर तो त्याचीच वाट बघत असतो. शील्डमधून वेव्हडॅश करून बाजूला होणं शिका. कधीतरी शील्डमधून उडीच्या सुरुवातीलाच अप-बी, पण चुकली तर खाली येईपर्यंत तुम्ही उघडे, म्हणून क्वचितच.

मार खाताना

फॉक्सने पकडून वर फेकलं की पुढे अप-एअर येणार हे गृहीत धरा. एकाच बाजूला डीआय करायची सवय लागली तर तो ती आधीच ओळखतो. बाजू बदलत राहा. अप-एअरचे दोन घाव असतात, पहिला हलका, दुसरा मारणारा. पहिला लागताक्षणी स्टिक झटकून अंग बाजूला काढता आलं तर दुसरा हुकतो. हे अवघड आहे, पण त्याच्या जोरावर कित्येक स्टॉक वाचतात.

अप-स्मॅश खाल्लाच तर स्टिक आडवी धरा, डावीकडे नाहीतर उजवीकडे. सरळ वर जाणाऱ्या माराला काटकोनातला डीआय सर्वांत जास्त वळवतो, आणि छताऐवजी तुम्ही वरच्या कोपऱ्याकडे जाता. घाबरून खाली धरणं व्यर्थ.

बाहेर गेलात तर दुसरी उडी जपा. फॉक्स बाहेर येऊन शाइन लावतो आणि मार्थ अगदी कमी टक्क्यांवरही तळाला जातो. मार्थची अप-बी उंच नेते पण आडवी फार नेत नाही, म्हणून लांब गेल्यावर हवेतली साइड-बी वापरून पडणं जरा लांबवायचं, लेजच्या खाली यायचं आणि तिथून वर. दर वेळी त्याच उंचीवर अप-बी केलीत तर तो लेज धरून बसेल. कधी लवकर, कधी उशिरा.

स्टेज

पाच स्टेजमधून दोन्ही खेळाडूंनी आळीपाळीने एक-दोन-एक अशा क्रमाने खोडत पहिला स्टेज ठरतो. फायनल डेस्टिनेशनवर प्लॅटफॉर्म नाहीत, फॉक्सला लपायला जागा नाही, म्हणून जाणता फॉक्स ते खोडणारच. त्यावर आशा ठेवू नका. योशीज स्टोरी लहान आहे, कडा जवळ आहेत, म्हणून मला तो मार्थसाठी आवडतो. पण छतही खाली आहे, अप-स्मॅश लवकर मारतो. तिथला रँडल नावाचा ढग ठरलेल्या वेळी ठरलेल्या बाजूला येतो, घड्याळावर लक्ष ठेवलं तर फॉक्स त्यावर उतरून वाचणार की नाही हे आधीच कळतं. फाउंटन ऑफ ड्रीम्स चालेल. ड्रीम लँड मोठा, छत उंच, पळायला मोकळं रान, फॉक्स खुशाल लेझर मारत फिरतो. तुमच्याकडे बॅन, म्हणजे एखादा स्टेज नाकारायचा हक्क, असेल तर तिथे किंवा पोकेमॉन स्टेडियमवर खर्च करा. बॅटलफील्डवर सगळ्यांत कमी कुरकुर होते.

भारतातून खेळताना

२०२०च्या जूनमध्ये स्लिपी या सॉफ्टवेअरने मेलीला रोलबॅक नेटकोड, म्हणजे इंटरनेटचा उशीर झाकायची सोय, दिला आणि घरबसल्या नीट खेळणं शक्य झालं. संगणकावर गेमक्यूबची नक्कल करणाऱ्या डॉल्फिन एम्युलेटरवर ते चालतं. खेळाची स्वतःची, कायदेशीर प्रत हवी. मुंबई-पुण्याहून युरोपातल्या माणसाशी खेळताना पिंग एवढा वाढतो की प्रतिक्रियेवर उभा असलेला चेनग्रॅब कोसळतो, तिथे हरलात तर मन लावून घेऊ नका. भारतातलाच जोडीदार मिळाला तर त्याच्याबरोबरच ठरवून खेळा, मग तो तुमच्यापेक्षा थोडा कच्चा का असेना. शक्य तिथे वायफायऐवजी केबल लावा.

स्लिपी प्रत्येक सामना आपोआप साठवून ठेवतं. पाहताना सगळा सामना बघू नका. फक्त फॉक्स कडेबाहेर गेलेले प्रसंग काढा आणि प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: उडी होती का, उंची कोणती, मी काय केलं. मेला की परतला ते चौथ्या रकान्यात. पाच-सहा सामन्यांनंतर वहीत एखादा रकाना परतलेल्यांनी भरलेला दिसेल, बहुधा ‘बरोबरीला, उडी आहे’ हा. पुढच्या आठवड्याचा सराव तोच. मग दुसऱ्या वहीत पकडी: किती मिळाल्या, त्यातल्या किती कडेबाहेर संपल्या.

शेवटी एक अडचण, जी हमखास येते. दोन गेम पकडी खाल्ल्यावर फॉक्सवाला खाली उतरेनासा होतो; प्लॅटफॉर्मवरून प्लॅटफॉर्मवर उड्या आणि मधून लेझर. लेझर लागल्याने तुम्ही थबकत नाही, फक्त टक्के चढतात, आणि त्या चढत्या आकड्यांकडे बघून माणूस पिसाळून मागे धावतो. धावू नका. मध्यभाग धरा, तो ज्या प्लॅटफॉर्मवर आहे त्याच्या खाली नाही तर एक पाऊल मध्याच्या बाजूला उभे राहा, आणि लेझर शील्डवर घेत अंतर कमी करत चला. सामना आठ मिनिटांचा असतो, स्टॉक चार, घाई त्यालाही होते. कोपऱ्यातून मध्याकडे यायला त्याला तुमच्या डोक्यावरूनच जावं लागतं. तेव्हा अप-एअर.